मुलगी आणि राज्य: लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याच्या कुटुंबाचे प्रकरण (११६६–११७१)

१ ऑगस्ट ११६६ रोजी आयर्लंडच्या आग्नेय भागातील लेन्स्टर प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो मोजक्या माणसांसह गलबतात बसला आणि समुद्र ओलांडून इंग्लंडला निघून गेला. त्या वेळी त्याने पन्नाशी ओलांडली होती. पुढच्या पाच वर्षांत त्याने राज्य परत मिळवले आणि डब्लिन शहरही जिंकले, परंतु त्याच काळात त्याच्या एका मुलाचे डोळे काढले गेले, दुसरा मुलगा आणि एक नातू ओलीस असताना मारले गेले आणि त्याच्या मृत्यूनंतर लेन्स्टरची सत्ता परक्या सरदाराकडे गेली. आयरिश इतिहासात त्याला ‘परकीयांचा डर्मट’ असे नाव पडले आणि साडेआठशे वर्षे तो परकीयांना घरात आणणारा म्हणून ओळखला जातो. हा अभ्यास त्याच्यावर खटला चालवण्यासाठी केलेला नाही. एका राजाने आणीबाणीत कोणते पर्याय तोलले, कोणत्या वळणावर कोणता निर्णय घेतला आणि त्याची किंमत घरातल्या कोणी मोजली, एवढेच येथे पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

बाराव्या शतकातील आयर्लंडमध्ये एकछत्री राज्य नव्हते. लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट, मीथ, अल्स्टर असे प्रांतिक राजे होते, त्यांच्याखाली लहान लहान टोळ्यांचे राजे होते आणि सर्वांच्या वर ‘महाराजा’ म्हणवून घेण्यासाठी दोन-तीन घराण्यांत सतत झुंज चालू असे. ज्याच्याकडे इतर राजांचे ओलीस अधिक, तो मोठा, असे साधे माप होते. मांडलिकाने आपला मुलगा किंवा जवळचा नातेवाईक वरिष्ठाच्या हवाली करायचा आणि त्याने शब्द मोडला की त्या मुलाच्या जिवावर बेतायचे, ही रीत सर्वमान्य होती. या प्रकरणात ओलीस हा शब्द पुनःपुन्हा येईल, कारण सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

डर्मट हा वेक्सफर्ड परिसरातील फर्न्स येथे राजधानी असलेल्या घराण्यातला. त्याचा बाप डोनखा १११५ मध्ये डब्लिनच्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन वंशाच्या) लोकांशी झालेल्या संघर्षात मारला गेला. गेराल्ड ऑफ वेल्स या पाद्री इतिहासकाराने अशी नोंद केली आहे की, डब्लिनकरांनी त्याचे प्रेत अपमान म्हणून कुत्र्याबरोबर पुरले. डर्मट तेव्हा लहान होता. पुढे ११२६ मध्ये त्याचा थोरला भाऊ एन्ना वारला आणि कॉनॉटचा बलाढ्य राजा टर्लो ओ’कॉनर याने लेन्स्टरच्या गादीवर आपला मुलगा बसवण्याचा प्रयत्न केला. डर्मटला आपले आसन स्थिर करायला काही वर्षे लागली.

त्याची कारकीर्द कठोर होती, हे झाकण्यात अर्थ नाही. ११३२ मध्ये त्याच्या माणसांनी किल्डेअरच्या मठाच्या अधिपती स्त्रीची विटंबना केली, जेणेकरून तिचे पद जाऊन त्या जागी त्याच्या बाजूची स्त्री बसावी. ११४१ मध्ये त्याने उत्तर लेन्स्टरमधील १७ सरदार-राजपुत्रांना ठार केले किंवा त्यांचे डोळे काढले. त्याच माणसाने बॉल्टिंग्लास येथे सिस्टर्शियन मठ, डब्लिनमध्ये स्त्रियांचा मठ, तसेच फर्न्स आणि डब्लिन येथे ऑगस्टिनियन मठ उभारले. डब्लिनच्या त्या मठाच्या जागेवर आज ट्रिनिटी कॉलेज उभे आहे. गेराल्डने त्याचे वर्णन उंच, धिप्पाड, रणात सतत ओरडून आवाज घोगरा झालेला आणि लोकांनी आपल्यावर प्रेम करण्यापेक्षा आपल्याला भ्यावे असे वाटणारा, असे केले आहे. गेराल्ड हा पुढे डर्मटच्या मदतीला आलेल्या परकीय आक्रमकांच्याच कुटुंबातला होता, हे लक्षात ठेवून ते वाचावे लागते.

कुटुंब

त्या काळच्या आयरिश राजांत एकाहून अधिक विवाह रूढ होते. डर्मटच्या दोन पत्नी ठाऊक आहेत. साइव्ह ही उत्तर लेन्स्टरच्या एका घराण्यातली, तर मोर ही ओ’टूल घराण्यातली. मोरचा भाऊ लोर्कान लहानपणी डर्मटकडेच ओलीस म्हणून राहिला होता आणि त्याला तेथे फार हालात दिवस काढावे लागले, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. हाच लोर्कान ११५३ मध्ये ग्लेंडालॉखचा मठाधिपती, ११६२ मध्ये डब्लिनचा आर्चबिशप आणि मृत्यूनंतर संत लॉरेन्स ओ’टूल झाला. ज्या मुलाला ओलीस ठेवले त्याच्याच बहिणीशी राजाने लग्न करावे आणि पुढे त्याच मुलाने राजाच्या मुख्य शहराचा धर्मगुरू व्हावे, इतक्या घट्ट विणीत त्या समाजातले शत्रुत्व आणि नाते एकत्र गुंफलेले होते.

मोरपासून डर्मटला कॉनर हा मुलगा आणि ईफा ही मुलगी झाली. ओर्ला ही दुसरी मुलगी पुढे थॉमंडचा, म्हणजे उत्तर मन्स्टरचा, राजा झालेला डोनल मोर ओ’ब्रायन याला दिली होती. एन्ना आणि डोनल कॅव्हॅना हे इतर मुलगे. चर्चच्या दृष्टीने डोनल अनौरस होता, परंतु आयरिश कायद्यात बापाने मान्य केलेला मुलगा वारस होऊ शकत असे. थोडक्यात, ११६६ मध्ये डर्मटकडे मुलग्यांची वाण नव्हती. पुढचे निर्णय समजून घेताना ही गोष्ट नजरेआड होता कामा नये.

समस्या

लोकांच्या तोंडी असलेली कथा डर्वोर्गिलापासून सुरू होते. ११५२ मध्ये डर्मटने मीथच्या वायव्येकडील ब्रेफ्नी या मुलुखाचा राजा टिअर्नान ओ’रूर्क याची पत्नी डर्वोर्गिला हिला तिच्या गुराढोरांसह आणि सामानासुमानासह पळवून नेले. ती मीथच्या राजाची मुलगी होती, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तिच्या भावाच्या सल्ल्याने हे घडले अशी नोंद वृत्तांतांत आहे. दुसऱ्याच वर्षी ती परत गेली. पुढे तिने मेलिफाँटच्या मठाला ६० औंस सोने दिले आणि ११९३ मध्ये तेथेच वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी तिचे निधन झाले. एका स्त्रीपायी देश बुडाला हे सांगायला सोपे आहे, परंतु मला ते अन्यायाचे वाटते. पळवून नेणे आणि हद्दपारी यांच्यात चौदा वर्षे गेली. टिअर्नान आणि डर्मट यांचे खरे वैर मीथच्या सुपीक जमिनीवरून होते आणि ११५२ ची घटनाही टिअर्नानवर झालेल्या संयुक्त स्वारीच्या काळातलीच होती. अपमान खरा होता, पण त्यावरून राज्ये हलली ती दुसऱ्या कारणाने.

ते कारण उत्तरेत घडले. डर्मटची सारी सुरक्षितता महाराजा मर्टॉ मॅकलॉक्लन याच्या पाठिंब्यावर उभी होती. ११६६ मध्ये मॅकलॉक्लनने पूर्व अल्स्टरच्या राजाला, आर्माच्या आर्चबिशपची हमी असतानाही, आंधळे केले. हमीदारांचा शब्द मोडल्यामुळे त्याचे मित्र त्याच्यावर उलटले आणि तो त्याच वर्षी मारला गेला. कॉनॉटचा रोरी ओ’कॉनर महाराजा झाला. रोरीने आधी डर्मटकडून ओलीस घेऊन त्याला त्याच्या मूळ मुलुखापुरते ठेवले होते. नंतर मात्र टिअर्नान, मीथकर, डब्लिनकर आणि खुद्द लेन्स्टरमधील सरदार मिळून चालून आले. ११४१ चे सारे घाव तेथे जागे झाले. फर्न्स जळाले. डर्मटच्या मुलुखाची वाटणी झाली आणि एक वाटा त्याच्याच भावाला मिळाला. त्या सुमारास लेन्स्टरमधील एका लेखनिकाने हस्तलिखिताच्या समासात आपल्या राजाला आयर्लंडच्या लोकांनी पूर्वेकडे समुद्रापार घालवले याबद्दल देवापाशी आक्रोश करून, आता मी काय करू, असे लिहून ठेवले. डर्मटचे हाल झाले याचे कोणालातरी दुःख वाटले होते, हे त्या दोन-चार ओळींमुळे कळते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय शरण जाण्याचा होता. टिअर्नानला मानभंगाची भरपाई देऊन, रोरीला आणखी ओलीस देऊन मूळ मुलुख वाचवता आला असता. आयरिश कायद्यात प्रत्येकाच्या प्रतिष्ठेची किंमत ठरलेली असे आणि भरपाई दिल्यावर वैर मिटवण्याची सोय होती. दुसरा पर्याय नातेसंबंधांचा. जावई डोनल मोर याचे घराणे मन्स्टरमध्ये वजनदार होते, पण ११६६ मध्ये तो स्वतः गादीवर नव्हता, ती त्याला दोन वर्षांनी मिळाली. तिसरा पर्याय भाडोत्री सैन्याचा. यात नवीन काही नव्हते. आयरिश राजे हेब्रिडीज बेटांवरून आणि डब्लिनहून जहाजे व लढवय्ये भाड्याने घेत असत. किंबहुना ११६५ मध्ये डब्लिनचे आरमार इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या वेल्स मोहिमेत लढले होते आणि डब्लिनवर तेव्हा डर्मटचे वर्चस्व होते. हेन्रीकडे जाण्याची वाट त्यामुळे मोकळी होती. अडचण एकच, पैसे नव्हते. ज्याचे राज्यच गेले आहे, त्याच्याकडे देण्यासाठी फक्त भविष्यातली वचने उरतात.

घेतलेले निर्णय

ब्रिस्टलला डर्मट रॉबर्ट फिट्झहार्डिंग या श्रीमंत व्यापाऱ्याकडे उतरला. तेथून फ्रान्समध्ये जाऊन तो हेन्रीला भेटला आणि त्याने हेन्रीशी निष्ठेची शपथ घेतली. हेन्रीने स्वतः सैन्य दिले नाही. आपल्या प्रजाजनांपैकी जो कोणी डर्मटला मदत करील त्याला माझी परवानगी आहे, असे पत्र मात्र दिले. त्या पत्राने हेन्रीचा एक पैसाही खर्च झाला नाही, डर्मटला मात्र एक स्वामी मिळाला.

त्यानंतरचा निर्णय या प्रकरणाचा गाभा आहे. वेल्सच्या सीमेवरील सरदार रिचर्ड डी क्लेअर, ज्याला लोक स्ट्राँगबो म्हणत, हा हेन्रीच्या मर्जीतून उतरलेला होता आणि कर्जातही होता. डर्मटने त्याला ईफाशी लग्न आणि आपल्यामागे लेन्स्टरचे राज्य, असे दुहेरी वचन दिले. रॉबर्ट फिट्झस्टीफन आणि मॉरिस फिट्झजेराल्ड या वेल्समधील नॉर्मन (उत्तर फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या सरदारवर्गातील) भावांना वेक्सफर्ड शहर आणि लगतचे दोन परगणे देण्याचे ठरले.

जमिनीचे वचन धोक्याचे होतेच, पण राज्याचे वचन मुळातच वेगळ्या प्रकारचे होते. आयरिश रीतीत राज्य ही राजाची खाजगी मालमत्ता नव्हती. एका पणज्याच्या पुरुष वंशजांमधून, म्हणजे भाऊ, मुलगे, पुतणे, चुलतभाऊ यांच्यातून, लायक माणसाची निवड होत असे. मुलीला बापाच्या जमिनीत फार तर हयातीपुरता हक्क मिळे. तिच्यामार्फत राज्य जावयाकडे जाण्याची सोयच नव्हती. नॉर्मन कायद्यातही मुलगी वारस होते ती भाऊ नसल्यास, आणि ईफाला भाऊ होते. म्हणजे डर्मटने जे दिले ते देण्याचा अधिकार त्याला दोन्ही कायद्यांत नव्हता. स्ट्राँगबोला मात्र एवढे कळत होते की, कागदापेक्षा ताबा महत्त्वाचा. एकदा सैन्य उतरवून लग्न लावले की वचनाला आपोआप वजन येते. डर्मटच्या मनात काय होते, ते नक्की ठरवता येत नाही. कदाचित त्याला वाटले असेल की ऐन वेळी मुलगेच पुढे येतील. तसे असेल, तर आपण कोणाशी व्यवहार करत आहोत हे त्याने ओळखले नव्हते.

११६७ मध्ये डर्मट अगदी थोड्या माणसांसह परतला. रोरी आणि टिअर्नान चालून आले, चकमकी झाल्या आणि डर्मटने तो आधी नाकारलेला पहिला पर्याय स्वीकारला. त्याने टिअर्नानला १०० औंस सोने भरपाई म्हणून दिले, ओलीस दिले आणि आपला मूळ मुलुख परत मिळवला. येथे प्रकरण संपू शकले असते. परंतु पुढच्याच वर्षी लेन्स्टरच्या पश्चिमेकडील ऑसरी या मुलुखाच्या राजाने त्याचा मुलगा एन्ना याचे डोळे काढले. शरीराने अधू झालेला पुरुष आयरिश कायद्यात राजा होऊ शकत नसे. एका वारसाची वाट कायमची बंद झाली. बापाच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल, हे ११६९ नंतरच्या त्याच्या वागण्यातून दिसते.

मे ११६९ मध्ये फिट्झस्टीफन बॅनो उपसागरात सुमारे ३० सरदार, ६० चिलखती स्वार आणि ३०० तिरंदाज घेऊन उतरला. वेक्सफर्ड पडले. ऑसरीवर स्वारी झाली. रोरी मोठे सैन्य घेऊन फर्न्सपर्यंत आला, तेव्हा पाद्रींच्या मध्यस्थीने तह झाला. डर्मटला लेन्स्टर मिळाले, त्याने रोरीचे श्रेष्ठत्व मान्य केले आणि मुलगा कॉनर याला ओलीस दिले. तह टिकला तर रोरीने आपली मुलगी कॉनरला द्यायची, असेही ठरले. परकीय सैनिक परत पाठवायचे आणि नवे आणायचे नाहीत, हे कलम गुप्त होते.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वळण हेच आहे. ११६६ मध्ये जे गमावले होते ते सारे या तहाने परत आले. कॉनरचा विवाह झाला असता तर लेन्स्टर आणि कॉनॉट यांच्यातला जुना कलह सोयरिकीत मिटण्याची शक्यता होती. डर्मटने मात्र स्ट्राँगबोला निरोप पाठवून लवकर यायला सांगितले. गेराल्डच्या म्हणण्याप्रमाणे त्याची नजर आता थेट महाराजाच्या पदावर होती.

२३ ऑगस्ट ११७० रोजी स्ट्राँगबो वॉटरफर्डजवळ सुमारे २०० सरदार आणि १००० इतर सैनिकांसह उतरला. दोन दिवसांनी शहर पडले. रस्त्यांत प्रेते पडलेली असतानाच तेथे ईफाचे लग्न लागले. २१ सप्टेंबरला, आर्चबिशप लोर्कान शहराच्या वतीने वाटाघाटी करत असतानाच, नॉर्मन सैनिक डब्लिनमध्ये घुसले. आपल्याच बहिणीच्या पतीच्या सैन्याने आपले शहर फोडलेले त्या माणसाला पाहावे लागले.

यानंतर डर्मट मीथवर चालून गेला. रोरीने त्याला तहाची आणि ओलिसांची आठवण करून दिली. डर्मटने माघार घेतली नाही. टिअर्नानच्या आग्रहावरून रोरीने तीन ओलीस ठार केले. कॉनर, डोनल कॅव्हॅनाचा मुलगा, म्हणजे डर्मटचा नातू, आणि डर्मटच्या दूधभावाचा मुलगा. मॅकलॉक्लनचा घात हमी मोडल्याने झाला होता, ही गोष्ट चारच वर्षांपूर्वीची. तिचा धडा डर्मटच्या डोळ्यांसमोर होता.

परिणाम

मे ११७१ च्या सुरुवातीस डर्मट फर्न्स येथे वारला. शत्रुपक्षाच्या वृत्तांतांत तो सडून, अंत्यसंस्कारांविना मेला असे लिहिले आहे, तर लेन्स्टरच्या राजांच्या यादीत तो प्रायश्चित्त घेऊन, अंतिम विधींसह गेला असे म्हटले आहे. एकाच मृत्यूच्या या दोन नोंदी पाहिल्या की मागे राहिलेली फूट किती खोल होती ते दिसते.

भाऊबंदकी लगेच उफाळून आली. लेन्स्टरमधील बहुतेक लोकांनी स्ट्राँगबोला मानले नाही. ते डर्मटच्या पुतण्याच्या मागे गेले. डोनल कॅव्हॅना मात्र आपल्या मेहुण्याच्या बाजूने उभा राहिला, तोही बापाच्या गादीवर स्वतःचा हक्क असताना आणि ज्या धोरणापायी आपला मुलगा मारला गेला त्याच धोरणाला धरून. स्ट्राँगबोने पुतण्याला मूळ मुलुख दिला आणि डोनलकडे लेन्स्टरच्या आयरिश लोकांचा न्यायनिवाडा सोपवला. ११७५ मध्ये डोनल मारला गेला.

हेन्रीला आपलाच सरदार शेजारी स्वतंत्र राजा होणे परवडणारे नव्हते. १७ ऑक्टोबर ११७१ रोजी तो स्वतः मोठे आरमार घेऊन वॉटरफर्डला उतरला. स्ट्राँगबोने लेन्स्टर त्याच्या हवाली करून त्याचा मांडलिक म्हणून परत घेतले. ११७६ मध्ये स्ट्राँगबो वारला. त्याची आणि ईफाची मुलगी इझाबेल हिचे ११८९ मध्ये विल्यम मार्शल या इंग्लंडच्या सरदाराशी लग्न झाले. त्यांचे पाचही मुलगे वारसाविना गेले आणि तेराव्या शतकाच्या मध्यात लेन्स्टर पाच मुलींच्या घराण्यांत वाटले गेले. ज्या कायद्याने ईफामार्फत राज्य नॉर्मनांकडे नेले, त्याच कायद्याने ते तुकडे तुकडे केले. डोनल कॅव्हॅनाचे वंशज मात्र डोंगराळ भागात टिकून राहिले. त्यांच्यापैकी आर्ट मॅकमरो कॅव्हॅना याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस लेन्स्टरचा राजा म्हणवून घेत इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डला दोन मोहिमांत जेरीस आणले.

वेगळे काय करता आले असते

११६६ मध्ये बाहेरून सैनिक आणणे हे त्या काळाच्या रीतीला धरूनच होते आणि केवळ त्यासाठी डर्मटला दोष देणे योग्य नाही. भाड्याने आलेला लढवय्या पैसे घेऊन परत जातो. जमीन मिळालेला राहतो, आणि राज्याचे वचन मिळालेला तर घरातल्या मुलग्यांचा प्रतिस्पर्धी होतो. फिट्झस्टीफनला दिलेल्या वेक्सफर्डच्या वचनावरच थांबणे शक्य होते, कारण ११६९ चे यश स्ट्राँगबोशिवाय मिळाले होते. तो तेव्हा हेन्रीच्या परवानगीची वाट पाहत वेल्समध्येच होता.

११६९ च्या तहानंतर परकीय सैनिकांना पाठवून देणे सोपे नव्हते, हेही मान्य करायला हवे. त्यांना त्यांचा मोबदला जमिनीत मिळाला होता. पण स्ट्राँगबोला नवा निरोप न पाठवणे पूर्णपणे डर्मटच्या हातात होते. ११७० पर्यंत दुसरा जावई डोनल मोर थॉमंडचा राजा झालेला होता आणि तो रोरीविरुद्ध उठलाही होता. एका मुलीची सोयरीक मन्स्टरमध्ये आणि मुलाची कॉनॉटमध्ये, अशी दोन्हींकडून घट्ट झालेली बाजू लेन्स्टरच्या कोणत्याही राजाला हेवा वाटावा अशी होती.

रोरीचेही चुकले. ओलीस मारल्यावर त्याच्या हातात डर्मटला थोपवणारे काहीच उरले नाही, आणि लेन्स्टरच्या गादीवर बसू शकणारा, त्याचा होऊ घातलेला जावई त्याने स्वतःच्या हाताने नाहीसा केला. कॉनर जिवंत असता, तर ११७१ च्या मे महिन्यात स्ट्राँगबोसमोर पुतण्याऐवजी राजाचा मुलगा उभा असता, आणि लेन्स्टरच्या सरदारांना निवड करायला घरातलाच माणूस मिळाला असता.